आपत्तीनंतरची लूट : चोर कोण आणि भुकेला कोण?



पूर ओसरल्यावर आपले कार्यकर्ते पारधी वस्त्यांवर जातात, तेव्हा धान्य-चादरींच्या वाटपानंतर कोणीतरी हळू आवाजात एक प्रश्न विचारते. "पोरं उपाशी होती, दुसऱ्याच्या घरातलं मूठभर घेतलं, तर ते पाप का?" तेच कार्यकर्ते गावात गेले, की पारावर दुसरा प्रश्न येतो, तोही मोठ्या आवाजात. "तुमच्या वस्तीवाल्यांनी आमचं काय काय नेलं, ते विचारा की त्यांना." या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी देऊन चालत नाही. म्हणून या अंकात आपत्तीनंतरच्या लुटीचा विचार पवित्र शास्त्राच्या, कायद्याच्या आणि आपल्या भागातील अनुभवाच्या आधारे करू.

किल्लारीची आठवण

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपतींचे विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी ती घरे. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे आठ हजार माणसे गेली. मी तेव्हा शाळेत होतो. सोलापूरच्या रुग्णालयांत जखमींना घेऊन येणाऱ्या गाड्या पाहिलेली आमची पिढी ती आठवण विसरलेली नाही.

त्या दिवसांत माणुसकी अफाट दिसली. सैन्याचे जवान, डॉक्टर, विद्यार्थी, सर्व धर्मांच्या संस्था धावून आल्या. पण त्याच दिवसांत दुसरेही घडले. नुसते बघायला आलेल्यांच्या गर्दीने रस्ते अडले. ढिगाऱ्यातून दागिने आणि रोकड काढून नेल्याच्या तक्रारी झाल्या आणि गावांभोवती बंदोबस्त ठेवावा लागला. या भागात पैसाअडका, सोने घरातच, कोनाड्यात, पेटीत, कधी भिंतीत ठेवण्याची रीत होती. घर पडले तशी घराची तिजोरीही उघडी पडली. काही घरांत तर "हे आमचे आहे" असे म्हणायलाही कोणी उरले नव्हते.

ज्या घरात कोणीच उरले नाही, त्या घरातले सोने कोणाचे? "मालकच नाही, मग चोरी कसली?" असा युक्तिवाद माणूस स्वतःशी करतो. शास्त्राने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. गणना पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात अपराधाची भरपाई सांगितली आहे. ज्याचे नुकसान केले त्याला ते भरून द्यायचे आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा. पण तो माणूस नसेल आणि घेणारा नातलगही नसेल, तर? तर ती भरपाई परमेश्वराची होते आणि याजकाकडे जाते. म्हणजे मालक मेला म्हणून वस्तू सापडणाऱ्याची होत नाही. ज्याला कोणी वारस नाही, त्याच्या बाजूने देव उभा राहतो.

ओबद्याने सांगितलेली तीन पापे

ओबद्या हे जुन्या करारातील सर्वांत लहान पुस्तक, एकाच अध्यायाचे. आपल्या उपदेशांत ते क्वचितच येते. पण शेजाऱ्यावर आपत्ती आली असता काय करू नये, हे त्याच्या १२ ते १४ या ओव्यांत स्पष्ट सांगितले आहे. यरुशलेम पडले तेव्हा अदोम हे भावकीतले राष्ट्र कसे वागले, याचा तो हिशेब आहे. त्यात तीन आरोप आहेत.

पहिला आरोप, भावाच्या संकटाकडे मजेने पाहत राहिल्याचा. दुसरा, संकटाच्या दिवशी त्याच्या मालमत्तेला हात घातल्याचा. तिसरा, वाटेच्या फाट्यावर उभे राहून जीव वाचवून पळणाऱ्यांना अडवल्याचा आणि वाचलेल्यांना शत्रूच्या हवाली केल्याचा.

आपण लूट म्हणतो ती फक्त दुसऱ्या आरोपाला. पण संदेष्टा तिन्ही एकाच दमात सांगतो. किल्लारीच्या रस्त्यावर नुसते बघायला आलेला माणूस, ज्याच्या गाडीमुळे रुग्णवाहिका खोळंबली, तो ओबद्याच्या हिशेबातून सुटत नाही. आणि मदतीचा ट्रक फाट्यावरच अडवून आपल्या माणसांसाठी उतरवून घेणारा, आतल्या वस्तीपर्यंत काही पोहोचू न देणारा, तोही नाही.

हाताने की विळ्याने?

आता वस्तीवरच्या प्रश्नाकडे येऊ. भुकेसाठी घेतले तर?

अनुवाद २३ मध्ये एक साधा नियम आहे. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलास तर पोटभर खा, पण भांड्यात भरून नेऊ नको. त्याच्या उभ्या पिकात गेलास तर हाताने कणसे मोड, पण विळा लावू नको. ज्वारीच्या मुलखातल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. वाटसरूने बांधावर बसून हुरडा खाल्ला, तर कोणताही शेतकरी त्याला चोर म्हणत नाही. पण विळा घेऊन आलेला माणूस भुकेला नसतो, तो कापणीला आलेला असतो.

याच नियमाच्या आधाराने प्रभू येशूचे शिष्य शेतातून जाताना कणसे मोडत होते. परूश्यांनी शब्बाथाचा आक्षेप घेतला. चोरीचा आक्षेप त्यांनीही घेतला नाही. उत्तर देताना प्रभूने दावीदाची आठवण दिली. दावीद आणि त्याचे लोक भुकेले असताना त्यांनी याजकांसाठी राखलेली भाकर खाल्ली होती. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी हेच तत्त्व मांडले. गरज उघड आणि तातडीची असेल, दुसरा उपाय नसेल, तर जगण्यापुरते दुसऱ्याचे घेणे ही चोरी ठरत नाही.

पण यातून मोकळीक मिळाली असे कोणी समजू नये. नीतिसूत्रे ६ मध्ये भुकेपोटी चोरी करणाऱ्याचा लोक तिरस्कार करत नाहीत असे म्हटले आहे, पण पुढच्याच ओवीत त्याला भरपाई करावी लागते असेही आहे. म्हणजे भुकेसाठी घेतलेले ते कर्ज असते. म्हणून तीन गोष्टी तपासाव्यात. घेतले ते आजच्या जगण्यासाठी होते का? ज्याचे घेतले तो आपल्याइतकाच अडचणीत तर नव्हता? आणि घेतल्याचे सांगायची, फेडायची तयारी आहे का? तांदूळ, पाणी, औषध, ताडपत्री या पहिल्या कसोटीला उतरतात. टीव्ही, सोने, मोटार उतरत नाहीत.

एका वस्तीवरची गोष्ट

ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि नदीकाठची गावे पाण्यात गेली. एका वस्तीवर आम्ही चौथ्या दिवशी पोहोचलो. पाले वाहून गेली होती. लोक शाळेच्या ओसरीवर होते. गावकऱ्यांची तक्रार अशी की शाळेची धान्याची खोली फोडली, आणि नदीवरच्या दोन पाण्याच्या मोटारीही "यांनीच" लांबवल्या. वस्तीतल्या दोन तरुणांना चौकशीसाठी नेलेही होते.

तेवढ्यात एक बाई पुढे आली. म्हणाली, "दादा, कुलूप मीच तोडलं. पोरं दोन दिस उपाशी व्हती. आदुली भरून तांदूळ घेतला, सगळ्यांच्या पोरांना शिजवून घातला. राहिलेलं पोतं बांधून ठिवलंय, बघा." पोते खरोखरच बांधून, पाण्यापासून उंचावर ठेवले होते. तिने घेतले ते हाताने, विळ्याने नव्हे. पुढे रेशन मिळाल्यावर तिने तेवढे तांदूळ शाळेत आणून दिले.

मोटारींचे काय झाले? गाळ उपसताना दोन्ही मोटारी खालच्या वळणावर सापडल्या. पुराने वाहून नेल्या होत्या. तरुण घरी आले. पण "यांनीच नेल्या" हे म्हणणारे कोणी त्यांच्याकडे येऊन चूक झाली असे म्हणाले नाही. तांदूळ परत आले. त्या दोघांचे नाव कोणी परत केले नाही.

नावाची लूट

हा संशय त्या गावाचा एकट्याचा नाही, त्याला इतिहास आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांसह अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. आपण ख्रिस्ती लोकांनी हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की अशा वसाहतींच्या कारभारात मिशनांचाही हात होता आणि सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने ते काम केले. शाळा आणि रोजगार देण्याचा हेतू चांगला असेल, पण कुंपण ते कुंपणच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या जाचातून विमुक्त झाल्या. लोकांच्या मनातली हजेरी मात्र अजून चालू आहे.

दूर अमेरिकेतही हेच दिसले. २००५ साली कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. पाण्यातून सामान नेणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या छायाचित्राखाली त्याने दुकान लुटले असे छापले गेले. तसेच सामान नेणाऱ्या गोऱ्या जोडप्याच्या छायाचित्राखाली त्यांना ते सापडले असे आले. लुटीच्या बातम्यांनी घबराट पसरली. त्या वातावरणात ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. दोघांचा जीव गेला. पुढे त्या पोलिसांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला.

आपत्तींचा अनेक वर्षे अभ्यास केलेले रसेल डाइन्स आणि एनरिको क्वारंटेली हे समाजशास्त्रज्ञ सांगत, की नैसर्गिक आपत्तीनंतर खरी लूट लोकांना वाटते त्याहून फार कमी होते. झाली तर ती बहुधा बाहेरचे लोक लपूनछपून करतात, आणि बहुसंख्य पीडित एकमेकांना मदतच करत असतात. लूट होतच नाही असे यातून म्हणता येत नाही. किल्लारीच्या तक्रारी आपण वर पाहिल्याच. पण पुराव्याआधी बोट दाखवणे म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणे. दहा आज्ञांत चोरीच्या लगेच पुढची आज्ञा तीच आहे.

कायदा काय सांगतो?

मृत व्यक्तीच्या ताब्यातली वस्तू वारसापर्यंत पोहोचण्याआधी बदनियतीने लाटणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१५ प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे कलम ४०४ होते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे मदतीचा पैसा किंवा सामान लाटणे (कलम ५३) आणि खोटा दावा करून मदत मिळवणे (कलम ५२) यांना दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आपत्तीबद्दल घबराट पसरवणारी खोटी सूचना देण्यालाही (कलम ५४) एक वर्षापर्यंत कैद आहे. शेवटचे कलम मोबाइलवर संदेश पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

पंचनाम्यात न पडलेली भिंत पडली म्हणून लिहून घेणे, एकाच घरातून दोन नावांनी संच उचलणे, हीसुद्धा लूटच. आणि आपण संस्थेचे लोक "आपल्या मंडळीला आधी" म्हणून गाडी मंडळीच्या दारात रिकामी करतो, तेव्हा आपणही ओबद्याच्या फाट्यावर उभे असतो.

आपण काय करावे?

पहिल्या चोवीस तासांत अन्न आणि पाणी सर्वांत दूरच्या वस्तीवर पोहोचवावे. कुलूप तोडायची वेळच येऊ नये, ही चोरी थांबवण्याची पहिली पायरी आहे. धान्याची गरज पडलीच तर सरपंच, मुख्याध्यापक किंवा तलाठ्याला सांगून, दोघांच्या समक्ष मोजून घ्यावे आणि लिहून ठेवावे. गाळात किंवा ढिगाऱ्यात दागिना, पैसे, कागदपत्रे सापडली तर साक्षीदारांसमोर पोलिसांकडे द्यावीत आणि पोच घ्यावी. वस्तीतल्या कोणी खरोखर चोरी केली असेल तर त्याला पाठीशी घालू नये. त्याच्यासोबत जाऊन वस्तू परत करावी. जक्कयाच्या घरी तारण आले त्या दिवशी त्याने चौपट परत करण्याचे कबूल केले होते. आणि कोणावर संशय घेतला व तो खोटा निघाला, तर ज्या पारावर आरोप केला त्याच पारावर चूक कबूल करावी.

त्या दोन तरुणांपैकी एक आज आपल्या पूरमदत पथकात आहे. मागे एका कुटुंबाची पेटी गाळात सापडली, तेव्हा त्याने ती न उघडता दोन गावकऱ्यांना हाक मारली. "दादा," तो मला नंतर म्हणाला, "एकट्यानं हात लावला असता, तर पेटीत काय होतं ते मलाच विचारलं असतं." त्याला असे वाटावे लागते, हे आपल्या सर्वांवरचे कर्ज आहे. ते फेडण्यासाठी प्रार्थना करा आणि पुढच्या पावसाळ्याआधी आपल्या गावच्या पारावर या विषयाची चर्चा घडवून आणा.