रंग बदलणारी शाई आणि ऊन : एक परिचय

प्रास्ताविक

मराठीतील 'शाई' हा शब्द फारसी 'स्याही'वरून आला. स्याह म्हणजे काळा. उर्दूत शाईला 'रोशनाई' असेही म्हणतात, आणि त्यात 'रोशन' म्हणजे प्रकाशमान हा शब्द आहे. मराठीत मात्र रोषणाई म्हणजे दिव्यांची आरास. शाई आणि प्रकाश यांचे नाते भाषेने असे जपले असले, तरी रसायनशास्त्रात ते तितकेसे सलोख्याचे नाही. बहुतेक रंग उन्हाने फिके होतात आणि रंग बदलणारी शाई त्यांत सर्वांत नाजूक असते. प्रस्तुत लेखात या शाईचे प्रकार, उन्हाने होणारी हानी आणि बचावाचे उपाय यांचा विचार केला आहे.

बडोद्याला हा विषय परका नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने 1890 मध्ये येथे कलाभवन सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि रंगाई व छपाई हे तेथील शिक्षणाचे महत्त्वाचे अंग होते. शहराच्या दक्षिणेकडील तरसाली भागातही औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने जूनच्या आरंभी आणि पुन्हा जुलैत सूर्य येथे डोक्यावर येतो. मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. म्हणून शाईची उन्हातील परीक्षा येथे कडक होते.

तीन प्रकार, तीन स्वभाव

पहिला प्रकार उष्णतेने रंग बदलणाऱ्या म्हणजे थर्मोक्रोमिक शाईचा. तिच्यात काही मायक्रोमीटर आकाराच्या सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत ल्यूको रंगद्रव्य, त्याला रंग आणणारे सौम्य आम्लधर्मी द्रव्य आणि मेणासारखा द्रावक असे तीन घटक असतात. द्रावक गोठलेला असताना पहिल्या दोहोंचा संयोग टिकतो व रंग दिसतो. द्रावक वितळला की संयोग तुटतो व रंग नाहीसा होतो. गार झाल्यावर तो परत येतो.

दुसरा प्रकार फोटोक्रोमिक शाईचा. ती सावलीत जवळजवळ रंगहीन असते. उन्हातील अतिनील किरण पडताच तिच्या रेणूची रचना बदलते व रंग उमटतो. सावलीत आल्यावर तो हळूहळू मावळतो.

तिसरा प्रकार पाहण्याच्या कोनानुसार रंग बदलणाऱ्या शाईचा. रिझर्व्ह बँकेने 2000 मध्ये काढलेल्या 500 व 1000 रुपयांच्या नोटांवरील आकडा अशा शाईत छापलेला होता आणि नोट तिरपी करताच तो हिरव्याचा निळा दिसे. हा रंग अतिशय पातळ थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातून निर्माण होतो, रंगद्रव्याच्या रेणूतून नव्हे. त्यामुळे तो उन्हात पुष्कळच टिकाऊ असतो. खरा प्रश्न पहिल्या दोन प्रकारांचा आहे.

ताप आणि प्रकाश यांतील फरक

उन्हात थर्मोक्रोमिक छपाई फिकी झाली तर दोन शक्यता असतात. एक म्हणजे ती केवळ तापलेली असेल. मग गार केल्यावर रंग परततो. दुसरी म्हणजे प्रकाशाने रंगद्रव्याचे रेणूच मोडले असतील. मग कितीही गार केले तरी रंग येत नाही. या दोहोंची गल्लत झाली तर उपायही चुकतो. कापडी नमुन्यांच्या आधारे रंगाचा टिकाऊपणा मोजण्याची 1 ते 8 अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. तीत 8 सर्वांत टिकाऊ, आणि थर्मोक्रोमिक छपाई बहुधा तळाशीच असते.

बचावाचे उपाय

थर्मोक्रोमिक शाईसाठी मुख्य तत्त्व अतिनील किरण अडवण्याचे आहे. छपाईवर बेन्झोट्रायझोल किंवा बेन्झोफेनोन वर्गातील अतिनील-शोषक मिसळलेले वार्निश देता येते किंवा तशी पारदर्शक फिल्म चिकटवता येते. काही संरक्षक अमाइन अल्कधर्मी असल्याने कुपीतील आम्लधर्मी घटकाच्या कामात अडथळा आणू शकतात. म्हणून शाई उत्पादकाचा सल्ला घेतल्याशिवाय काही मिसळू नये. खिडकीच्या साध्या काचेतून 320 ते 400 नॅनोमीटरचे किरण बरेचसे आत येतात, त्यामुळे 'काचेआड आहे' एवढ्याने निश्चिंत होता येत नाही. शिवाय दृश्य प्रकाशही काही हानी करतोच. आच्छादनाने ऱ्हास मंदावतो, थांबत नाही.

फोटोक्रोमिक शाईला मात्र हाच उपाय मारक ठरतो. अतिनील किरण तिचा शत्रू आहेत, पण तेच तिचे अन्नही आहेत. ते पूर्ण अडवले तर शाई टिकेल, पण रंग बदलणार नाही. तेथे प्रकाश-स्थिरकारक व ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांनी रेणूला आतून सांभाळावे लागते, आणि वापर नसताना वस्तू अंधारात ठेवावी लागते.

वर्गातील प्रयोग

थर्मोक्रोमिक छपाईची एक पट्टी घ्यावी. तिचा एक तृतीयांश भाग उघडा, एक तृतीयांश अतिनील-रोधक फिल्मखाली आणि उरलेला काळा कागद व ॲल्युमिनियमच्या पत्रीखाली ठेवावा. पट्टी उन्हाच्या खिडकीत लावून दर आठवड्याला सावलीत आणावी आणि पूर्ण गार झाल्यावरच तिन्ही भागांची तुलना करावी. झाकलेल्या भागालाही उष्णता मिळते, प्रकाश मिळत नाही. त्यामुळे हानी कशाने झाली हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसते.

समारोप

हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. घासून पुसल्या जाणाऱ्या जेल पेनची शाई याच तत्त्वावर चालते आणि सुमारे 60 अंशांना अदृश्य होते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत समोरच्या काचेमागे एवढे तापमान होऊ शकते. तेथे राहिलेली उत्तरपत्रिका कोरी दिसू लागेल. फ्रीजरमध्ये ठेवल्यास अक्षरे पुष्कळदा परततात, पण प्रकाशाने मोडलेली अक्षरे परतत नाहीत. थर्मल कागदावरील शुल्काची पावतीही ल्यूको रंगद्रव्याचीच असते व उन्हात पुसट होते. शुल्क भरल्याचा तोच एक पुरावा असलेल्या विद्यार्थ्याचे त्यात खरे नुकसान आहे. अशा पावतीची छायाप्रत त्याच दिवशी काढावी, मूळ पावती लिफाफ्यात ठेवावी आणि महाविद्यालयाच्या नोंदी व उत्तरपत्रिका कायम शाईनेच लिहाव्यात. शिक्षकांनी एवढे विद्यार्थ्यांना सांगितले तरी प्रयोगातून शिकलेली गोष्ट घरोघरी उपयोगी पडेल.