मोठा टर्बो की योग्य टर्बो? गाडीचा टर्बो बदलण्याआधी हे वाचा

आचरा : पोलो जीटी टीएसआय, ऑक्टाव्हिया, आय-२० एन लाईन अशा टर्बो पेट्रोल गाड्या आता जुन्या बाजारात मिळू लागल्यात. गावातला एखादा तरुण हौसेने अशी गाडी घेतो आणि आठवड्याभरात कुणीतरी सांगतोच, "टर्बो बदल, गाडी विमान होतली." मग मोबाईलवर व्हिडिओ बघणं सुरू होतं. पण खर्च मोठा आहे आणि निवड चुकली तर इंजिन जातं. त्यामुळे आधी हिशेब समजून घ्या.

टर्बो करतो काय?

सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त म्हणून इंधन जास्त, आणि इंधन जास्त म्हणून ताकद जास्त. छोट्या गाडीचा टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरू शकतो. पेट्रोल गाडीत धुराची उष्णता ९०० अंशांच्या वर जाते. एवढं सगळं ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतं.

मोठा घेतला तर काय होतं?

ढोबळ हिशेब असा, की पेट्रोल इंजिनाला १०० हॉर्सपॉवरसाठी मिनिटाला साधारण साडेचार किलो हवा लागते. जुनी पोलो जीटी टीएसआय १०५ हॉर्सपॉवरची. तिला १५० वर न्यायचं तर पावणेसात किलोच्या आसपास हवा पुरे. कुणी ३०० हॉर्सपॉवरचा टर्बो गळ्यात मारला, तर एवढ्याशा इंजिनाचा धूर तो फिरवायलाच कमी पडतो. इंजिन चार हजार फेऱ्यांच्या पुढे जाईपर्यंत टर्बो झोपलेलाच. यालाच 'लॅग' म्हणतात.

आता आपला रस्ता बघा. आचरा-कणकवली असो की आचरा-मालवण, वळणं, वाड्या, गुरं, समोरून एसटी. गाडी बहुतेक वेळ दीड ते तीन हजार फेऱ्यांत चालते. म्हणजे जिथे ताकद हवी तिथे ती नाही. आणि वळणावर पाय दाबलात की टर्बो एकदम जागा होणार. पावसात ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरायला तेवढं पुरतं.

आपल्या ओळखीचं उदाहरण

स्विफ्ट आणि अर्टिगाचं जुनं १.३ लिटर डिझेल इंजिन सगळ्यांना माहीत आहे. इंजिन तेच, १२४८ सीसी. स्विफ्टमध्ये साधा टर्बो, ताकद ७५ हॉर्सपॉवर. अर्टिगात पात्यांचा कोन बदलणारा टर्बो आणि सोबत इंटरकूलर, ताकद ९०. गंमत पुढे आहे : स्विफ्टची पूर्ण ओढ २००० फेऱ्यांवर मिळते, अर्टिगाची १७५० वरच. ताकद वाढली आणि ओढही लवकर आली. कंपनीने नुसता मोठा टर्बो लावला नाही, इंजिनाला जुळणारा लावला.

मग क्रम कसा ठेवायचा?

१. आधी टायर, ब्रेक, क्लच आणि सर्व्हिस. पळणाऱ्या गाडीला थांबताही आलं पाहिजे.

२. मूळ टर्बो चांगला असेल तर पुष्कळदा चांगल्या इंटरकूलरने आणि जाणकाराकडून केलेल्या ईसीयू ट्युनिंगनेच भागतं.

३. तरीही बदलायचा असेल तर मूळ जागी बसणारा, एकच पायरी मोठा टर्बो घ्या. त्यासोबत इंजेक्टर, फ्युएल पंप पुरतात का हे तपासून ट्युनिंग करावंच लागतं. हवा वाढली आणि इंधन कमी पडलं तर पिस्टन वितळतो.

४. फार मोठा टर्बो रेस ट्रॅकवरच्या गाडीसाठी. घर, बाजार आणि घाट करणाऱ्या गाडीसाठी नव्हे.

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल गावाकडच्या प्रत्येक पंपावर मिळत नाही. त्यामुळे ट्युनिंग करणाऱ्याला स्पष्ट सांगा, "साध्या पेट्रोलवर चालेल असंच कर." नाहीतर इंजिनात नॉकिंग सुरू होतं.

कोकणात जास्तीची काळजी

ट्युनिंगवाले अनेकदा उघडा एअर फिल्टर लावतात. चिऱ्यांची लाल धूळ त्यातून आत गेली तर हवेच्या चक्राची पाती झिजतात, आणि पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी घातली तर पाणी थेट इंजिनात. मूळ बंद डबा ठेवलेलाच बरा. खाऱ्या हवेने क्लॅम्प आणि ॲक्च्युएटरची दांडी गंजते, ती दर सर्व्हिसला बघायला सांगा. फोंडा किंवा गगनबावडा घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवा. ऑईल वेळेवर आणि कंपनीने सांगितलेलंच घाला.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरची नोंद आणि कंपनीची मूळ माहिती यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा धोका विम्याचा. अपघात झाला आणि न कळवलेला बदल सापडला तर विमा कंपनी क्लेम अडवू शकते. वॉरंटीवरही पाणी सोडावं लागतं. म्हणून पैसे देण्याआधी ओरोसच्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून घ्या, आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या.

गॅरेजवाल्याला चार प्रश्न विचारा : हा टर्बो माझ्याच इंजिनाचा आहे का? किती फेऱ्यांवर जागा होतो? पार्ट नंबर आणि जीएसटी बिल मिळेल का? बिघडला तर जबाबदारी कुणाची? चारही उत्तरं सरळ मिळाली नाहीत, तर गाडी घेऊन घरी या.