इन्व्हर्टरची बॅटरी बदलताय? आधी पंखे बघा

उन्हाळा आला की तुळजापूर, परंडा, उमरग्याकडून मला एकच प्रश्न येतो: स्वस्तात बॅटरी कोणती घेऊ?

ट्रॅक्टरची किंवा गाडीची बॅटरी इन्व्हर्टरला लावू नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. ती स्टार्टर फिरवण्यापुरता क्षणभर जोरदार करंट द्यायला बनवलेली असते. तासन्‌तास हळूहळू उतरायचं काम ट्युब्युलर बॅटरीचं.

आता हिशोब. ७५ वॅटचे दोन पंखे, ९ वॅटचे चार एलईडी, म्हणजे साधारण १९० वॅट. इन्व्हर्टरची घट धरली तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे २० अँपिअर ओढले जातात. नवी १५० एएच बॅटरी त्यावर पाचेक तास चालेल. पंखे ३० वॅटचे बीएलडीसी केले तर भार निम्म्यावर येतो आणि १०० एएचची बॅटरीही पुरते. माझ्या मते खरी बचत इथेच आहे!

दुकानात बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघाच. वॉरंटीत मोफत बदलून मिळण्याचे महिने किती आणि फक्त सवलतीचे किती, हे वेगवेगळं विचारा. जुनी बॅटरी भंगारात देऊ नका, शिशाला किंमत असते. दुकानदार ती वजा करून देतो.

आपल्याकडचं ऊन बॅटरीचं आयुष्य खातं. पत्र्याखाली नको, सावलीत हवेशीर ठेवा. आणि बोअरचं पाणी चुकूनही घालू नका, क्षारांनी प्लेटा खराब होतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर.