परराज्यात पॅरामेडिक : पगार किती, पुढे काय?

पारनेर : पावसाने दगा दिला की मुंबईची वाट धरायची, हा पारनेर तालुक्यातील अनेक घरांचा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता. गिरणी, गोदी, बाजारपेठेतील हमाली यांवर येथील कित्येक संसार उभे राहिले. आता मुले बारावी विज्ञाननंतर प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण, डायलिसिस किंवा आपत्कालीन वैद्यकीय सेवा असे अभ्यासक्रम निवडतात. त्यांच्यापुढचा प्रश्न मुंबईपेक्षा लांबचा आहे. गुजरात, गोवा, तेलंगण, कर्नाटक येथे पगार अधिक मिळेल काय, आणि मिळाला तरी तेथे भवितव्य आहे काय?

उत्तर द्यायचे तर आधी शब्दाचा घोळ सोडवावा लागतो. आपल्याकडे ‘पॅरामेडिकल’ म्हटले की रक्त तपासणाऱ्यापासून शस्त्रक्रियागृहातील साहाय्यकापर्यंत सारेच त्यात येतात. ‘पॅरामेडिक’ हा मात्र रुग्णवाहिकेतला माणूस. अपघातस्थळी रक्तस्राव थांबविणे, श्वासमार्ग मोकळा करणे, प्राणवायू लावणे आणि रुग्णाला जिवंत रुग्णालयापर्यंत पोहोचविणे हे त्याचे काम. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, अर्थात ‘ईएमटी’, हे त्याचे दुसरे नाव. या दोन गटांचे परराज्यातील भवितव्य एकमेकांपासून फार भिन्न आहे आणि बहुतेक चुकीचे निर्णय हा फरक न कळल्याने होतात.

रुग्णवाहिकेतील तंत्रज्ञाला महाराष्ट्रात वाव कमी का, याचे कारण सेवेच्या घडणीत आहे. १०८ क्रमांकाची सेवा देशात प्रथम १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादमध्ये सुरू झाली. सत्यमचे रामलिंग राजू यांनी स्थापिलेल्या ‘ईएमआरआय’ या संस्थेने ती उभी केली. २००७ मध्ये गुजरात, २००८ मध्ये गोवा, तमिळनाडू, कर्नाटक असा तिचा विस्तार झाला. या साऱ्या ठिकाणी रुग्णवाहिकेच्या मागच्या भागात बसणारा माणूस डॉक्टर नव्हता. जीवशास्त्र शाखेचे पदवीधर वा तत्सम तरुण घेऊन, त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन तंत्रज्ञ म्हणून नेमायचे आणि नियंत्रण कक्षातील डॉक्टरने दूरध्वनीवरून मार्गदर्शन करायचे, अशी ती पद्धत. याच संस्थेने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने प्रगत पॅरामेडिकसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रमही चालविला.

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत आली. ९३७ रुग्णवाहिका, त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक. येथे मात्र शासनाने वेगळा मार्ग पत्करला. प्रत्येक रुग्णवाहिकेत आयुर्वेद, होमिओपॅथी वा युनानी शाखेचा पदवीधर डॉक्टर बसविण्यात आला. रुग्णाच्या दृष्टीने हा निर्णय वाईट नव्हता. या शाखांचे पदवीधर राज्यात मोठ्या संख्येने उपलब्ध होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की शेजारच्या राज्यांत ज्या खुर्चीवर तंत्रज्ञ बसत होता, ती खुर्ची येथे त्याच्यासाठी रिकामीच राहिली नाही. २०२४ मध्ये १,७५६ वाहनांच्या नव्या योजनेचे कंत्राट देण्यात आले. त्यात दुचाकी आणि बोटींचाही समावेश होता. या सेवेची भरतीची जाहिरात पाहताना संख्येपेक्षा अर्हतेची ओळ आधी वाचावी.

म्हणून पारनेरचा ईएमटी अहमदाबाद वा पणजीकडे पाहतो ते निव्वळ पगारासाठी नव्हे, कामासाठी. हे कारण रास्त आहे. ज्या राज्यात तंत्रज्ञच रुग्णाची जबाबदारी घेतो, तेथे दोन वर्षांत हाताला जे वळण लागते, ते डॉक्टरच्या शेजारी साहित्य पुरवीत बसून लागणार नाही.

पगाराचे गणित मात्र सावधपणे मांडले पाहिजे. १०८ सेवेतील पदे बहुतांशी कंत्राटी असतात. त्यांना वेतनश्रेणी नसते, महागाई भत्त्याची सहामाही वाढ नसते आणि बारा तासांची पाळी अनेक ठिकाणी रूढ आहे. जाहिरातीतील आकडा अनेकदा ‘सीटीसी’चा, म्हणजे मालकाच्या एकूण खर्चाचा असतो. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा आणि राज्य विमा योजनेतील त्याचा सव्वातीन टक्के वाटाही त्यात धरलेला असतो. हे पैसे हातात पडत नाहीत.

समजा, सुरतेत मासिक २० हजार रुपये एकूण वेतन ठरले आणि त्यात मूळ वेतन १५ हजार आहे. त्यावर भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातील. वेतन २१ हजारांच्या आत असल्याने राज्य विम्याचे पाऊण टक्का, म्हणजे १५० रुपये जातील. व्यवसाय कर धरण्यापूर्वीच १८,०५० उरले. त्यातून खोलीभाडे, खानावळ आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा गावी येण्याचा खर्च काढला, की घरी राहून सुप्यात किंवा नगरला १४-१५ हजार मिळविणाऱ्याच्या हातात तितकेच किंवा अधिक उरू शकते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण आपले आकडे घालून हीच बेरीज-वजाबाकी प्रत्येकाने गाव सोडण्यापूर्वी कागदावर करावी.

प्रयोगशाळा, क्ष-किरण, डायलिसिस या शाखांचे तसे नाही. त्यांना अखिल भारतीय भरतीचा राजमार्ग खुला आहे. रेल्वे भरती मंडळाने २०२४ मध्ये पॅरामेडिकल संवर्गातील १,३७६ पदांची जाहिरात काढली होती. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीनुसार क्ष-किरण तंत्रज्ञाला मूळ वेतन २९,२००, डायलिसिस तंत्रज्ञाला ३५,४०० आणि ईसीजी तंत्रज्ञाला २५,५०० रुपये असे त्यात होते. क्ष-किरण तंत्रज्ञाचे उदाहरण घेऊ. जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के दराने महागाई भत्ता १६,९३६ रुपये होतो. मुंबई, पुणे, अहमदाबाद, हैदराबाद यांसारख्या पहिल्या श्रेणीच्या शहरात घरभाडे भत्ता ३० टक्के, म्हणजे ८,७६० रुपये. एकूण ५४,८९६. नाशिक, सोलापूर, सुरत, वडोदरा येथे भत्ता २० टक्के असल्याने हीच रक्कम ५१,९७६ आणि लहान गावी १० टक्क्यांनी ४९,०५६ रुपये. निवृत्तिवेतनासाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के कपात होते ती वेगळी. वरच्या सुरतेच्या कंत्राटी वेतनाशी याची तुलना करून पाहावी.

याच जाहिरातीत आणखी एक गोष्ट दडली होती. प्रयोगशाळा साहाय्यकाला मूळ वेतन २१,७०० आणि प्रयोगशाळा अधीक्षकाला ३५,४००. बारावी विज्ञानानंतर ‘डीएमएलटी’ केलेल्याला पहिले पद, तर विज्ञानाच्या पदवीसह ‘डीएमएलटी’ केलेल्याला दुसरे. मूळ वेतनातच १३,७०० रुपयांचा फरक, तोही एका पदवीमुळे. आणि गंमत अशी, की २०२३ च्या महाराष्ट्रातील जिल्हा परिषद भरतीत प्रयोगशाळा तंत्रज्ञाची श्रेणीही ३५,४०० रुपयांपासूनच सुरू होत होती. परराज्यात जाण्यापेक्षा पदवी पूर्ण करणे अधिक लाभाचे, असे येथे स्पष्ट म्हणावेसे वाटते.

परराज्याच्या शासकीय सेवेत कायम होऊ, ही आशा घेऊन निघणाऱ्यांनी दोन अडथळे ध्यानात घ्यावेत. पहिला अधिवासाचा. गोवा शासनाच्या पदांसाठी सामान्यतः राज्यातील १५ वर्षांचा अधिवास आणि कोकणीचे ज्ञान आवश्यक असते. मराठीचे ज्ञान इष्ट मानले जाते, पण ते कोकणीची जागा घेत नाही. तेलंगणात २०१८ च्या राष्ट्रपती आदेशाने स्थानिक उमेदवारांसाठी ९५ टक्के जागा राखल्या गेल्या आहेत.

दुसरा अडथळा आरक्षणाचा, आणि तो अनेकांना तेथे पोहोचल्यावर कळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीने नोकरी-शिक्षणासाठी स्थलांतर केले तर मूळ राज्यातील आरक्षणाचा लाभ दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित खटल्यात हे तत्त्व सांगितले आणि २०१८ मध्ये बीरसिंग प्रकरणात घटनापीठाने त्याचा पुनरुच्चार केला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केलेले मराठा आरक्षणही राज्याच्या सीमेपुरतेच. दुसऱ्या राज्याच्या भरतीत आपला उमेदवार खुल्या गटातच मोजला जाईल. रेल्वे, केंद्रीय रुग्णालये आणि ‘एम्स’ येथे केंद्राचे नियम लागू असल्याने तेथे चित्र वेगळे असते.

प्रमाणपत्राचा प्रश्न याहून नाजूक आहे. तालुक्याच्या गावी सहा महिन्यांत वा वर्षभरात ‘पॅरामेडिकल’ करून देणाऱ्या फलकांची वाण नाही. संसदेने २०२१ मध्ये केलेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक राष्ट्रीय आयोग कायद्याने याला निश्चित मोजमाप लावले आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे शिक्षण, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांची पदवी. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञही या कायद्याच्या यादीत आहे. राज्य परिषदांनी नोंदणी करावी आणि तिची केंद्रीय नोंदवही असावी, अशी रचना कायद्यात आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा परावैद्यक परिषद अधिनियमही आहे. परंतु केंद्रीय कायद्याची अंमलबजावणी राज्याराज्यांत इतकी रेंगाळली, की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. त्यामुळे ज्या राज्यात जायचे तेथील परिषद आपली पदविका मानते काय, हे त्या परिषदेकडून लेखी विचारून घेणे शहाणपणाचे. नोकरी देणारा मध्यस्थ ‘चालेल’ म्हणतो, त्याला अर्थ नाही. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर आज एखाद्या खासगी रुग्णालयात काम मिळेलही, पण नोंदणीची सक्ती कडक झाली, की पहिली कुऱ्हाड त्याच माणसावर पडेल.

मग तालुक्यातच काय आहे? ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेतच, पण दुर्लक्षित राहते ती सुपा औद्योगिक वसाहत. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष ठेवण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून आहे आणि नव्या कामगार संहितेतही ते आले आहे. सुपे पुणे-नगर महामार्गावर आहे. त्या रस्त्यावरील अपघात आणि तालुक्यातून जाणारा कल्याण-नगर मार्ग पाहता, प्रशिक्षित ईएमटीची गरज येथे अहमदाबादपेक्षा कमी नाही. गरज आहे, पद नाही, अशी ही अवस्था आहे. ती बदलणे उमेदवाराच्या हाती नाही, शासनाच्या आहे.

तरीही ज्यांनी जायचे ठरविले आहे, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची बाब. १०८ सेवेचे चालक ठरावीक मुदतीच्या करारावर काम करतात आणि बदलतात. २००९ च्या सत्यम प्रकरणानंतर ‘ईएमआरआय’ची सूत्रे ‘जीव्हीके’ समूहाकडे गेली. आंध्र प्रदेशात २०२० मध्ये सेवा दुसऱ्याच कंपनीकडे सोपविण्यात आली. चालक बदलला की जुन्या सेवेची वर्षे नव्या मालकाकडे मोजली जातीलच, असे नाही. उपदान, रजा, वेतनवाढ सारे त्या वर्षांवर अवलंबून असते. म्हणून नियुक्तिपत्र, दरमहाची वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक आणि किती रुग्ण कोणत्या प्रकारच्या रुग्णवाहिकेवर हाताळले याचे अनुभवपत्र, हे कागद पहिल्या महिन्यापासून जपून ठेवावेत. अनुभवपत्रावर प्राथमिक जीवरक्षक की प्रगत जीवरक्षक हे स्पष्ट लिहून घ्यावे. पुढे मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात अर्ज करताना पहिला प्रश्न तोच येतो.