आकडी आली? आधी साखर बघायला सांगा!

गेल्या श्रावणातला सोमवार. आमच्या सासूबाईंचा उपास म्हणजे अगदी कडकडीत. संध्याकाळी सोडेपर्यंत घोटभर चहाखेरीज काही नाही. डायबेटिसची सकाळची गोळी मात्र त्यांनी नेमाने घेतली होती. शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच मुलुंडच्या घरी परतले, तोच देवघरापाशी धाडकन आवाज झाला. बघते तो काय, आई जमिनीवर, हातापायांना झटके, दातखीळ बसलेली आणि अंग घामाने निथळतंय!

शेजारणी धावल्या. कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल हुंगवायला सांगितली. मी तर दातांत चमचाच घालायला निघाले होते. तळमजल्यावरच्या नर्सबाईंनी माझा हात धरला. "तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 फिरवा!"

राज्यात 2014 पासून सुरू झालेली ही मोफत रुग्णवाहिका. गाडीतल्या डॉक्टरांनी आल्या आल्या आईंच्या बोटाला सुई टोचली. मला रागच आला. आकडी आलीय आणि हे साखर कसली मोजताहेत? काही सेकंदांत यंत्रावर आकडा आला, 34! लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळाने आईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "नैवेद्य दाखवलास का गं?"

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला कळलं ते असं. आपला मेंदू रक्तातल्या साखरेवर चालतो. स्वतःजवळ तो साठा जवळजवळ ठेवतच नाही. दर 100 मिलिलिटर रक्तात साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात. फारच उतरली तर आकडी येते, शुद्ध हरपते. अशा वेळी आकडीच्या औषधाने मूळ दुखणं जात नाही, आणि उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. प्रत्येक आकडी साखरेमुळे येते असं नाही. अपस्मार, ताप, डोक्याला मार अशी कारणंही असतात. पण साखरेचं कारण एका थेंबात कळतं आणि तिथल्या तिथे उपाय होतो. म्हणूनच आकडीच्या रोग्याची साखर रुग्णवाहिकेतच बघायची असते. कुणी विसरलं, तर आपण न संकोचता आठवण करावी.

रोगी डायबेटिसचा आहे का, कोणती गोळी किंवा इन्शुलिन कधी घेतलं, शेवटचं कधी जेवला आणि आकडी किती वेळ चालली, हे डॉक्टरांना सांगा. गोळ्यांची पाकिटं बरोबर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर-पाणी मुळीच घालू नका, ठसका लागून जीव जायचा. माणूस शुद्धीवर असेल, नुसता घाम, थरथर, बावचळल्यासारखं होत असेल, तर मात्र पाण्यातून तीन चहाचे चमचे साखर द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

आणि "आता बरं वाटतंय" म्हणून इस्पितळ टाळू नका. काही गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरते. आईंनाही रात्रभर ठेवून घेतलं होतं.

त्यांना गोळी मीच हातात दिली होती, ही रुखरुख अजून जात नाही. आता उपासाआधी आम्ही डॉक्टरांना विचारतो. आईंनीही ऐकलं. महादेव काही रागावणार नाही, असं त्याच म्हणतात!