दवाखान्याच्या पाटीवरील वेळ

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी वा बोरिवली, उपनगरांतील कोणत्याही गल्लीत दवाखान्याच्या पाटीवर बहुधा दोन वेळा आढळतात : सकाळी दहा ते एक, सायंकाळी सहा ते साडेनऊ, खाली ‘रविवारी सायंकाळी बंद’. ही विभागणी लोकलगाडीने आणि दुकानाच्या शटरने ठरविली आहे. नोकरदार साडेसातनंतर स्थानकावर उतरतो; व्यापारी गल्ला मोजून नऊला मोकळा होतो. दिवसभर दुखणे अंगावर काढून दोघेही रात्रीच दवाखान्याची पायरी चढतात.

या सोयीची किंमत डॉक्टरांचे घर मोजते. मुलांचा अभ्यास, वृद्ध आईवडिलांची विचारपूस, एकत्र जेवण हे सारे ज्या तीन-चार तासांत घडायचे, नेमके तेच तास रुग्णांचे असतात. डॉक्टर स्त्री असेल, तर हा ताण अधिकच वाढतो.

जैन कुटुंबात आणखी एक घड्याळ चालते, ते सूर्याचे. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तर जुलैच्या आरंभी सातवीसच्या आसपास. सायंकाळचा दवाखाना पाचला उघडला, तर चौविहार पाळणाऱ्या डॉक्टरांचे हिवाळ्यातील जेवण डब्यातच उरकते. तोच साडेसहाला उघडला, तर बाराही महिने सूर्यास्तापूर्वी घरच्यांसोबत पाटावर बसता येते. रुग्णाच्या बाजूनेही हा हिशेब पाहण्याजोगा आहे. काटेकोर चौविहार करणाऱ्याला रात्री नऊला लिहून दिलेली गोळी सकाळीच घेता येते. मग ताप अंगावर काढून रात्रीची वेळ गाठण्यात लाभ कोणता?

तरीही सायंकाळची गरज खरी आहे, हे मुंबई महानगरपालिकेनेही मान्य केले. नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ योजनेतील केंद्रे रात्रीपर्यंत खुली राहतील अशी आखणी झाली. दिवसाचा रोज बुडवू न शकणाऱ्यांना उपचार मिळावेत, हा त्यामागील हेतू. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की त्यासाठी कामाच्या पाळ्या केल्या गेल्या. दवाखाना दीर्घकाळ उघडा राहणे आणि एकाच डॉक्टरने दीर्घकाळ बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

खासगी दवाखान्यातही हा मार्ग अशक्य नाही. एकाच परिसरातील दोन-तीन डॉक्टरांनी परस्परांत वार वाटून घेतले, तर आठवड्यातील दोन सायंकाळी प्रत्येकाला मोकळ्या मिळतात आणि रुग्णही खोळंबत नाहीत. मधुमेह व रक्तदाबाच्या नियमित रुग्णांना सकाळची नेमून दिलेली वेळ मिळाली, तर सायंकाळची गर्दी ओसरते.

दूरध्वनीचाही आधार आहे. केंद्र शासनाच्या 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार, त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासणी झाली असल्यास, नोंदणीकृत डॉक्टर दूरध्वनीवरून पुढील सल्ला देऊ शकतात आणि त्याचे शुल्कही घेऊ शकतात. दुपारचा अर्धा तास या कामासाठी राखून ठेवला, तर रात्री ताटावर वाजणारे अनेक फोन थांबतील. दूरध्वनीवर तपासणी होत नाही, ही मर्यादा मात्र दोन्ही बाजूंनी पाळावी.

आकस्मिक प्रसंग वेगळा. छातीत कळ येणे, श्वास लागणे, शुद्ध हरपणे यांसाठी परिचित डॉक्टरांच्या घराची घंटा वाजविण्यात मोलाची मिनिटे जातात. तेथे 108 क्रमांकाची रुग्णवाहिका, किंवा घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर यांसारखे रुग्णालय हाच खरा मार्ग होय.

व्यापारी कुटुंबांना वेळेचे मोल शिकवावे लागत नाही. बाजारात पेढीची पत दिल्या शब्दावर टिकते. पाटीवरील वेळ हाही तसाच शब्द आहे. डॉक्टरांनी ती वेळ नेमकी पाळावी, बदल आगाऊ कळवावा; आणि रुग्णांनी शटर ओढताना ‘एवढे एकच बघा’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. दुकानात हाताखाली माणसे असतात. तासभर गल्ला मुनीमजींकडे सोपवून दुपारीच दवाखान्यात जाणे बहुतेकांना जमण्यासारखे आहे. तेवढ्याने दोन घरांची सायंकाळ सुखाची होईल.