विश्लेषण : मोटारीच्या मॉडेलमध्ये आतले रंगकाम निर्णायक का ठरते?

मुंबईतील शेवटची नोंदणीकृत ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी २० वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून बाद झाली. अशा गाडीची आठवण छोट्या प्रतिकृतीतून जपायची, तर बाहेरून काळा-पिवळा रंग दिला की काम झाले असे वाटते. पण तिच्यातून प्रवास केलेल्यांना आठवते ते आतले दृश्य : पुढचे सलग बाकासारखे आसन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, छताला लावलेले रंगीबेरंगी कापड. मॉडेल बनवण्याच्या छंदात नेमका हाच भाग घाईत उरकला जातो. शिवाय एकदा बॉडी चिकटवली, की तो दुरुस्त करणे जवळपास अशक्य होते.

प्रमाणाचे गणित काय?

मोटारींच्या प्लास्टिक किटमध्ये १:२४ आणि १:२५ ही प्रमाणे प्रचलित आहेत. जपानच्या तामिया कंपनीची बहुतेक मोटार-किट १:२४ मध्ये असतात, तर अमेरिकी किटमध्ये १:२५ अधिक दिसते. १:२४ म्हणजे प्रत्यक्षातील २४ मिलिमीटर मॉडेलमध्ये १ मिलिमीटर. त्यामुळे चार मीटरची मोटार साधारण साडेसोळा सेंटीमीटरची होते. ४० सेंटीमीटर व्यासाचे स्टिअरिंग चाक १७ मिलिमीटरपेक्षाही लहान होते आणि ४८ मिलिमीटर रुंदीचा सीटबेल्ट अवघा २ मिलिमीटर उरतो.

हेच गणित रंगालाही लागू होते. मॉडेलवरचा ०.१ मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर जवळपास अडीच मिलिमीटर जाडीचा लेप. अशा थराखाली मीटरच्या तबकड्या, बटणे आणि आसनाची शिवण बुजून जाते. म्हणून एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावे लागतात.

रंग बरोबर असूनही ते खेळणे का वाटते?

याचे मुख्य कारण चकाकी. खऱ्या गाडीत रबरी मॅट चमकत नाही, कापड प्रकाश शोषते, रेक्झिनला मंद तकाकी असते आणि चकचकीत दिसते ते फक्त क्रोम व मीटरची काच. मॉडेलमध्ये हे सगळे एकाच प्लास्टिकचे असते. त्यावर एकच चकचकीत रंग मारला, तर डोळा लगेच ‘हे प्लास्टिक आहे’ हे ओळखतो. त्यामुळे रंगाच्या छटेपेक्षाही चकाकीतला फरक अधिक महत्त्वाचा. जमिनीला मॅट, आसनांना सेमी-ग्लॉस, तबकड्यांवर ग्लॉस व्हार्निशचा एक बारीक थेंब, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

दुसरी चूक म्हणजे शुद्ध काळा रंग. लहान वस्तूवर तो जास्तच गडद दिसतो आणि खिडकीतून पाहताना आतले सगळे आकार एकमेकांत मिसळतात. त्याऐवजी गडद राखाडीच्या दोन-तीन छटा वापरल्या, की आसन, जमीन आणि डॅशबोर्ड वेगवेगळे दिसतात.

कामाचा क्रम कोणता?

साच्यातून सुटे भाग सहज निघावेत म्हणून वापरलेल्या पदार्थाचा अंश प्लास्टिकवर राहू शकतो. त्यावर रंग नीट धरत नाही. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने भाग धुऊन वाळवायचे. मग साच्याच्या जोडरेषा घासून काढायच्या, प्रायमरचा पातळ हात द्यायचा आणि त्यावर मूळ रंग. शक्यतो हे सगळे भाग जोडण्यापूर्वी करायचे. दोन रंगांची सीमा मास्किंग टेपने आखायची आणि बटणे, हँडल यांसाठी बारीक ब्रश वापरायचा. मीटरचे आकडे हाताने काढण्याऐवजी पाण्यात भिजवून लावायची स्टिकर, म्हणजे ‘डेकल’, वापरतात. डेकलखालचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा, नाहीतर खाली हवा अडकून ते पांढुरके दिसते. मॅट व्हार्निशचा हात त्यानंतरच.

कोणत्या रंगावर कोणता रंग चालतो?

अॅक्रिलिक, इनॅमल आणि लॅकर हे तीन प्रकार वापरात आहेत. सर्वसाधारण नियम असा, की तीव्र द्रावकाचा रंग खाली आणि सौम्य द्रावकाचा वर. इनॅमलवर लॅकर फवारले, तर खालचा थर सुरकुततो. हार्डवेअरच्या दुकानातील एनसी थिनर किंवा अॅसिटोन असलेले नेलपॉलिश रिमूव्हर तर किटच्या प्लास्टिकलाच विरघळवते. कोणताही नवा रंग आधी किटच्या टाकाऊ चौकटीवर तपासून पाहणे हा सगळ्यात स्वस्त विमा.

जुनेपणा कसा आणायचा?

वर्षानुवर्षे धावलेली टॅक्सी आतून कोरी दिसली, तर ती खोटी वाटते. त्यासाठी दोन तंत्रे पुरेशी आहेत. पहिले ‘वॉश’. खूप पातळ केलेला गडद तपकिरी रंग आसनाच्या शिवणीत सोडायचा. तो खोलगट भागात साचतो आणि सावलीचा भास होतो. दुसरे ‘ड्राय ब्रशिंग’. ब्रशवरचा रंग जवळजवळ पुसून टाकायचा आणि उंचवट्यांवर हलकेच फिरवायचा. त्यामुळे कडा झिजल्यासारख्या दिसतात. पद्मिनीच्या छतासाठी नक्षी लहान करून पातळ कागदावर छापता येते. मात्र नक्षीही प्रमाणात हवी. प्रत्यक्षातले ५ सेंटीमीटरचे फूल १:२४ मध्ये सुमारे २ मिलिमीटरचेच असते.

सर्वांत महागडी चूक कोणती?

झटपट चिकटणारा गोंद. सायनोअॅक्रिलेट प्रकारच्या या गोंदाची वाफ बंद जागेत पसरते आणि पारदर्शक भागांवर पांढरट धुरकट थर बसवते. मॉडेलच्या काचेवर हा थर आतल्या बाजूने बसला, की तो पुसायला बोटही पोहोचत नाही आणि आठवड्यांचे काम त्याच्या आड जाते. म्हणून काचेसाठी वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद वापरतात. बॉडी बसवण्यापूर्वी ती गोंदाशिवाय बसवून पाहावी आणि खिडक्यांतून मोबाइलवर फोटो काढावेत. डोळ्यांतून सुटलेले बोटांचे ठसे, धुळीचे कण, तिरपे बसलेले स्टिअरिंग फोटोत पटकन सापडते.

घरात रंग फवारताना धोका काय?

स्प्रे कॅनमधील द्रावक ज्वलनशील असतात आणि त्यांची वाफ श्वासातून शरीरात जाते. लहान फ्लॅटमध्ये हा प्रश्न गंभीर ठरतो. कापडी मास्क किंवा एन-९५ मास्क धूलिकण अडवतो, द्रावकाची वाफ नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफ शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. फवारणी बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीजवळ करावी. जवळपास गॅस, उदबत्ती, निरांजन पेटलेले नसावे आणि मुले त्या खोलीत नसावीत. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. दमट हवेत फवारलेले लॅकर किंवा मॅट व्हार्निश पांढरे पडू शकते. असे काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवावे किंवा तोवर पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक ब्रशने लावावे.

सुरुवात कशी करावी?

पहिल्याच प्रयत्नात महागडे किट घेण्याची गरज नाही. खालून स्क्रू असलेली जुनी डायकास्ट गाडी उघडून फक्त आसने आणि जमीन रंगवली, तरी चकाकीतला फरक हाताला कळतो. नको तर रंग काढून पुन्हा करता येतो, कारण बॉडी स्क्रूनेच बसते. हा सराव झाल्यावर किटकडे वळणे सोपे जाते. तिथे मात्र बॉडी चिकटवण्याआधी एक दिवस थांबून आतला भाग पुन्हा एकदा पाहावा. त्यानंतर तो फक्त खिडकीतूनच दिसणार असतो.